मुंग्या नेमक्या कुठल्या बोटांना येतात ते बघा

मा. संपादक,

रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, असं घरात कुणी म्हणालं की आपण "हातावर झोपली असशील" म्हणून विषय संपवतो. माझ्या आईचं हेच झालं. दोन वर्षं बी-१२ च्या गोळ्या, मग मानेचं दुखणं असेल म्हणून मानेला पट्टा, आणि एक दिवस तिला बटण लावता येईना तेव्हा नीट बघितलं तर अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा पार बसलेला. नसेची टेस्ट केली, कार्पल टनेल सिंड्रोम निघालं.

मनगटात एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणारे ९ टेंडन (स्नायूंना हाडांशी जोडणारे चिवट दोर) आणि मीडियन नस जाते, खाली हाडं, वर जाड पट्टा, त्यामुळे आत जराशी सूज आली तरी दाब नसेवरच येतो. ही नस अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू सांभाळते, करंगळीची नस वेगळी. म्हणून करंगळी सोडून बाकी बोटं बधिर होत असतील तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, नुसतं "हाताला मुंग्या येतात" नको. आम्ही तेच सांगत राहिलो. रात्री त्रास जास्त का, तर झोपेत मनगट मुडपलं जातं आणि आतला दाब वाढतो.

सुरुवातीलाच कळलं तर रात्री स्प्लिंट (मनगटाला बांधायचा कडक आधार) लावून झोपणं हा साधा उपाय आहे, फक्त त्यात मनगट सरळ राहायला हवं आणि दोन दिवसांत सोडून न देता काही आठवडे रोज लावायला हवा. शुगर किंवा थायरॉइडमुळेही हे होऊ शकतं म्हणून ते तपासून घ्या, गरोदरपणातही हे होतं, पण तेव्हाचं बहुतेक वेळा बाळंतपणानंतर कमी होतं. इंजेक्शनने सूज उतरते, पण आराम कायमचा टिकेलच असं नाही. बोटं सतत बधिर राहायला लागली, हातातून वस्तू सुटायला लागल्या तर मात्र ऑपरेशनला घाबरून थांबू नका, त्यात तो वरचा पट्टा कापून नसेला जागा करतात, बस. आपल्या आरोग्य पुरवणीत यावर एकदा सविस्तर छापा ही मनापासून विनंती.

ऑपरेशननंतर आईच्या रात्रीच्या मुंग्या आठवड्याभरात थांबल्या. अंगठ्याजवळचा उंचवटा दीड वर्ष झालं तरी भरला नाहीये, बाटलीचं झाकण अजून मीच उघडून देते.

आपली एक वाचक