बोअर न मारता येणारा सिलिंडर

नोव्हाय, मिशिगन
14 मार्च

तीर्थरूप आबांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आम्ही सर्व येथे खुशाल आहोत. मागच्या रविवारी फोनवर आपण दोन प्रश्न विचारलेत. इतक्या दूर देशी येऊन मी बंद पडलेली जुनी गाडी विकत का घेतली, हा पहिला. आणि घेतलीच होती तर बोअर मारून, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून थोडा कापून, ओव्हरसाइज पिस्टन घालून ती आठवड्याभरात चालू का केली नाही, हा दुसरा. तेवढ्यात आईने नातीच्या परीक्षेचा विषय काढल्यामुळे उत्तर राहून गेले. शिवाय उद्यमनगरात उभी हयात बोअरिंगच्या मशीनवर काढलेल्या माणसाला असे उत्तर घाईघाईत देऊ नये असे वाटले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

गाडी यामाहाची वायझेड 85, सन 2006 चे मॉडेल. मुलांच्या मोटोक्रॉस शर्यतींसाठी बनवलेली असल्यामुळे तिला दिवा, हॉर्न, इंडिकेटर यांपैकी काहीही नाही आणि ती रस्त्यावर चालवता येत नाही. आपल्या परिचयाच्या आरएक्स 100 चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 50 आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, हाही 50 मिलिमीटर होता. हिचा बोअर 47.5 आणि स्ट्रोक 47.8 मिलिमीटर, म्हणजे साधारण 85 सीसी. इंजिन लहान असूनही ताकद आरएक्सच्या दुपटीहून अधिक आहे, कारण ते पाण्याने थंड होते, फार वरच्या आरपीएमला फिरते आणि त्याचा पुढे फुगीर व मागे निमुळता सायलेंसर धुराबरोबर बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण दाबाच्या लाटेने सिलिंडरमध्ये परत ढकलतो. पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी हे तंत्र विकसित केले आणि 1961 मध्ये त्यांचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून सुझुकीला मिळाला, तेव्हा ते तंत्रही त्याच्याबरोबर जपानला गेले. पुढच्याच वर्षी सुझुकीने 50 सीसी गटाचे जागतिक विजेतेपद मिळवले.

नवी गाडी का घेतली नाही, याचे उत्तर सोपे आहे. ती पाच हजार डॉलरच्या जवळपास पडते आणि आपली नात ज्या वेगाने उंच होत आहे तो पाहता दोन-तीन वर्षांत ती गाडी तिला अपुरी पडेल. जुन्यातही हेच मॉडेल निवडण्याचे कारण असे की, 2002 पासून 2018 पर्यंत या इंजिनाची मूळ रचना बदलली नाही आणि त्यामुळे सुटे भाग आजही सहज मिळतात. होंडाने हिच्यासारख्या आपल्या टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाड्या 2007 नंतर बंद केल्या. लहान फोर-स्ट्रोक गाड्या मिळतात, परंतु त्यांच्या इंजिनात व्हॉल्व्ह, कॅम आणि चेन असते, आणि ते काम घरच्या गॅरेजमध्ये करण्याचे धाडस मला होत नाही.

आता बंद गाडीच का, याविषयी. येथे विकायला काढलेल्या प्रत्येक दुसऱ्या गाडीबरोबर ‘नुकतेच इंजिन केले आहे’ असे सांगितले जाते. या वाक्याची मला बंद इंजिनापेक्षा जास्त भीती वाटते, कारण इंजिन कोणी केले, काय मोजले आणि काय तसेच ठेवले हे त्यातून कळत नाही, आणि पैसे मात्र नव्या कामाचे मोजावे लागतात. मी ज्यांच्याकडून गाडी घेतली त्या गृहस्थांनी सरळ सांगितले की, पिस्टन सिलिंडरला चिकटून इंजिन एकदा जाम झाले, त्यांनी नवा पिस्टन घातला आणि थोड्याच दिवसांत तोही जाम झाला. मुलगा आता मोठी गाडी चालवतो, तेव्हा ही जशी आहे तशी घेऊन जावी. एकामागून एक दोन पिस्टन गेले याचा अर्थ मूळ कारण इंजिनात अजून शाबूत होते आणि ते शोधता येण्यासारखे होते. आपण दुकानात ब्लॉक हातात घेण्यापूर्वी गिऱ्हाइकाला आधी ‘ऑइल कोणते घालता, जाम कुठे झाली, चढावर की सपाटीवर’ असे विचारत असत, आणि तो बिचारा आधी बोअरचा भाव सांगा म्हणून कंटाळून जाई, त्याची मला तेथे उभ्या उभ्या आठवण झाली.

त्यांच्या परवानगीने मी तेथेच सायलेंसर उतरवला आणि धूर बाहेर पडण्याच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या, खिडकीतून बॅटरीच्या उजेडात पिस्टन पाहिला. पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या बाजूवर उभे ओरखडे होते आणि माथा राखेसारखा फिकट पडलेला होता. इंजिन गरम होण्याआधीच जोरात पळवल्यामुळे जाम होते तेव्हा पिस्टनवर चार ठिकाणी उभे पट्टे दिसतात. येथे तसे नव्हते. म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त जात होती. मग मागचे चाक उचलून ते धरणाऱ्या स्विंगआर्मच्या बेअरिंगमधला खेळ पाहिला, स्टिअरिंगजवळची वेल्डिंग तपासली आणि तेथे ठोकलेला क्रमांक मालकीच्या कागदाशी जुळवून घेतला. मिशिगनमध्ये अशा गाडीलाही मालकीचा कागद लागतो. तो नसेल तर गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. साडेसहाशे डॉलरला सौदा झाला.

घरी आणल्यावर इंजिन लगेच खोलले नाही, कारण एकदा ते खोलले की गळतीचा पुरावा नाहीसा होतो. इनटेक आणि एक्झॉस्ट ही दोन्ही तोंडे रबरी बुचांनी बंद केली, हातपंपाने सुमारे सहा पीएसआय दाब भरला आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावले. धडधाकट इंजिनात हा दाब कित्येक मिनिटे टिकतो. येथे काटा डोळ्यांदेखत खाली आला. ब्लॉकच्या पॅकिंगवर किंवा इनटेकच्या रबरावर बुडबुडे नव्हते. क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या, टोकावरचे चुंबकाचे चाक, मॅग्नेट, पुलरने काढून आतल्या डाव्या ऑइल सीलवर साबणाचे पाणी टाकले, तेव्हा तेथे फेस आला. सील लाकडासारखे कडक झाले होते.

हे आपणांस नव्याने सांगण्याची गरज नाही, पण शेजारी बसून हे पत्र ऐकणाऱ्या धाकट्या काकांसाठी लिहितो. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे क्रँकभोवतीची बंद पेटी, हाच पंप असतो. पिस्टन वर जाताना तेथे जी ओढ निर्माण होते, तिने कार्बोरेटरमधून पेट्रोल व ऑइल मिसळलेली हवा आत यायची असते. सील फाटके असेल तर तीच ओढ सीलमधून कोरडी हवा घेते. तिच्यात पेट्रोलही नसते आणि ऑइलही नसते. इंजिन जास्त तापते आणि वंगण कमी पडते. अशा इंजिनात कितीही वेळा नवा पिस्टन घातला तरी त्याचे आयुष्य सील ठरवते. क्लचकडचे, म्हणजे उजवे, सील गेले असते तर गिअरचे ऑइल जळून सायलेंसरमधून भरपूर धूर आला असता आणि कोणाच्याही लक्षात आले असते. डावे सील असे काहीच दाखवत नाही.

नुसते सील बदलूनही काम झाले असते. परंतु दोनदा जाम झालेल्या पिस्टनचा चुरा क्रँककेसमध्ये उतरला होता आणि कनेक्टिंग रॉडला खालच्या टोकाशी वर-खाली खेळ जाणवत होता. तो अजिबात चालत नाही. म्हणून फुल इंजिन खोलले आणि तयार क्रँक विकत घेतली. बेअरिंग बसवण्यासाठी केस सुमारे शंभर अंशांपर्यंत तापवावी लागते. स्वयंपाकघरातील ओव्हनकडे पाहायचेही नाही अशी आपल्या सुनेची सक्त ताकीद असल्यामुळे मी जुन्या बाजारातून एक छोटा ओव्हन आणून गॅरेजमध्ये ठेवला. बेअरिंग थंड करण्यासाठी मात्र काही करावे लागले नाही. जानेवारीत येथे रात्री उणे पंधरा अंश होते. बेअरिंग रात्रभर पिशवीत घालून बाहेर ठेवली आणि सकाळी ती हातोडा न लावता आपल्या वजनाने जागेवर बसली. याच थंडीचा उपयोग सायलेंसरचा पोचा काढण्यासाठीही केला. दोन्ही तोंडे घट्ट बंद करून आत पाणी भरले आणि ते गोठू दिले. बर्फ फुगतो आणि पत्रा आतून ढकलतो. पोचा पूर्ण गेला नाही, पण निम्म्याहून अधिक बाहेर आला.

आता आपला दुसरा प्रश्न. या सिलिंडरला बोअर मारता येत नाही. आरएक्सच्या किंवा राजदूतच्या ब्लॉकमध्ये बिडाचा लायनर असे, आणि तो झिजला की आपण पाव मिलिमीटर, अर्धा मिलिमीटर असे वाढवत नेत असू. हा संपूर्ण सिलिंडर ॲल्युमिनियमचा आहे आणि त्याच्या आतल्या अंगावर निकेलचा मुलामा आहे, ज्यात सिलिकॉन कार्बाइडचे अत्यंत कठीण कण मिसळलेले असतात. जर्मनीच्या माले कंपनीने 1967 मध्ये व्हॅन्केल इंजिनासाठी हा मुलामा तयार केला आणि त्याला निकासिल असे नाव दिले. त्याची जाडी काही शतांश मिलिमीटर एवढीच असते. त्यावर बोअरिंगचे हत्यार चालवले तर पहिल्याच फेरीत मुलामा संपून मऊ ॲल्युमिनियम उघडे पडेल. त्याचे पिस्टनही पाव मिलिमीटरच्या फरकाने मिळत नाहीत. ए, बी, सी अशा अक्षरांनी विकले जातात आणि दोन अक्षरांतला फरक एखाद्या शतांश मिलिमीटरचा असतो. मायक्रोमीटर आणि बोअर गेज नसेल तर कोणता मागवायचा हे ठरवताच येत नाही. आपण मला बोअर गेज सरळ धरायला शिकवले होते आणि काटा जेथे सर्वांत कमी दाखवतो तेथे वाचायचे असे सांगितले होते, ते येथे शब्दशः उपयोगी पडले.

भिंतीला चिकटलेले पिस्टनचे ॲल्युमिनियम मी सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या बोळ्याने विरघळवले. ते ॲल्युमिनियम खाते आणि मुलाम्याला लागत नाही. खालचा मुलामा शाबूत निघाला असता तर नुसते हलके होनिंग, म्हणजे दगडाने घासकाम, करून काम भागले असते. परंतु एक्झॉस्टच्या खिडकीच्या कडेला तो सोललेला होता आणि नख अडकत होते, तेव्हा ॲसिड तेथेच थांबवले. आपण म्हणालात तसा बिडाचा लायनर घालण्याचा मार्ग येथेही आहे आणि तो स्वस्तही पडतो. तरीही मी तो घेतला नाही. बिडातून उष्णता ॲल्युमिनियमइतकी लवकर बाहेर जात नाही, आणि लायनरमधल्या खिडक्यांच्या कडा मूळच्या उंचीशी जुळल्या नाहीत तर इंजिनाचा स्वभावच बदलतो. विस्कॉन्सिनमधील एका कारखान्याने जुना मुलामा काढून नवा चढवला, मी पाठवलेल्या पिस्टनच्या मापाला होनिंग केले आणि खिडक्यांच्या कडांना चॅम्फर, म्हणजे किंचित उतार, देऊन सिलिंडर परत पाठवला. चॅम्फर मी बोट फिरवून पाहिला. आपल्या कानशीच्या हातासारखा तो नाही, पण पिस्टनची रिंग अडकणार नाही.

खर्चाचे लपवत नाही. क्रँक, बेअरिंग, सील आणि पॅकिंग यांना सुमारे तीनशे, सिलिंडर व पिस्टनला साडेतीनशे, चेन, स्प्रॉकेट, टायर वगैरेंना दोनशे असे डॉलर लागले. गाडीच्या किमतीपेक्षा तिच्यावर झालेला खर्च अधिक आहे. तरी एकूण रक्कम नव्या गाडीच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी भरते, आणि इंजिनातील प्रत्येक माप मला ठाऊक आहे.

मागच्या शनिवारी इंजिन चालू केले. हिला आरएक्ससारखी ऑइलची वेगळी टाकी नसल्यामुळे एका गॅलनला चार औंस, म्हणजे लिटरला साधारण 31 मिलिलिटर ऑइल मोजून मिसळावे लागते. आपल्याकडे पेट्रोल पंपावर लुनावाल्यांसाठी जे हाताने फिरवायचे ऑइलचे यंत्र असे, तसे येथे काही नाही. इंजिन गरम होऊ द्यायचे, पूर्ण थंड होऊ द्यायचे, असे काही वेळा केले आणि थंड असताना हेडचे नट पुन्हा कसून घेतले. दाबाची चाचणीही पुन्हा घेतली. काटा हलला नाही.

नातीविषयी आपली काळजी रास्त आहे. ही गाडी खालच्या आरपीएमला सुस्त असते आणि मग एकदम झेप घेते. ती झेप मवाळ व्हावी म्हणून मॅग्नेटला जास्तीचे वजन लावले आहे. येथे सोळा वर्षांखालील मुलांना सुरक्षिततेचे प्रमाणपत्र आणि मोठ्या माणसाची प्रत्यक्ष नजर या दोन्ही गोष्टी कायद्याने लागतात. प्रमाणपत्र तिने हिवाळ्यातच मिळवले. हेल्मेट, बूट आणि छातीचे कवच गाडीच्या आधी घेतले होते. बर्फ वितळला की तिला होली गावाजवळच्या मैदानावर नेणार आहे. वाळू-खडीच्या जुन्या खाणींच्या जागेवर 2020 मध्ये ते खास अशा गाड्यांसाठी सुरू झाले.

एक काम आपल्याकडे आहे. जुनी क्रँक मी टाकलेली नाही. तिच्यात नवा कनेक्टिंग रॉड घालून ती राखीव ठेवण्याचा विचार आहे. पिन दाबण्यासाठी हायड्रॉलिक प्रेस येथे मिळेल, व्ही-ब्लॉक आणि डायल गेज माझ्याकडे आहेत. परंतु डायलचा काटा वर जातो तेव्हा तांब्याच्या हातोड्याने क्रँकच्या कोणत्या चकतीवर, कोणत्या ठिकाणी मारायचे आणि चकत्या एकमेकींपासून फाकल्या असतील तर पाचर कोठे घालायची, हे मी आपणांस करताना अनेकदा पाहिले असूनही मला सांगता येत नाही. सवडीने लिहून कळवावे. सोबत पेन्सिलने आकृती काढून दिलीत तर फार बरे होईल; फोटो काढून पाठवायला धाकट्या काकांना सांगावे.

तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. सून आणि नात आपणां सर्वांस नमस्कार सांगतात.

आपला आज्ञाधारक
मुलगा