जोड आधी बघायला लावणाऱ्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

वस्तू खोलण्याआधी तिचे जोड (तारा जिथे जोडल्या जातात त्या जागा) तपासायचे आणि गाडीत तर भार चालू असताना, म्हणजे प्रवाह वाहत असताना, हे तुम्ही आम्हा दुरुस्ती करणाऱ्यांच्या हाती बसवलंत. त्याचे आभार आज जाहीरपणे मानतो आहोत.

जुन्या गाडीचा सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) नुसता ‘टक्’ करून थांबला, की लोक नवी बॅटरी आणायला धावतात. तुमची रीत वेगळी. मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावरच (त्यावर आवळलेल्या वायरच्या क्लॅम्पवर नाही), लाल पिन इंजिनच्या रंग नसलेल्या धातूवर, आणि दुसऱ्याने सेल्फ मारायचा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर दोष अर्थिंगच्या पट्टीत (बॅटरीचा निगेटिव्ह इंजिनला जोडणाऱ्या वायरीत) किंवा तिच्या टोकांत. गाडी बंद असताना हाच जोड मीटरला चांगला दिसतो, कारण त्यातून प्रवाह वाहतच नसतो. सेल्फ 150 अँपिअर ओढत असेल, तर 0.01 ओहमचा अडथळासुद्धा दीड व्होल्ट खातो! हे गणित समजलं आणि कितीतरी चांगल्या बॅटऱ्या भंगारात जायच्या वाचल्या.

साफसफाईचा क्रमही तुमचाच : निगेटिव्ह आधी काढायची, शेवटी लावायची, नाहीतर पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला की शॉर्ट. पांढऱ्या-हिरव्या थरावर कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा, तारेचा ब्रश, मग कोरडं पुसून क्लॅम्प आवळायचा. व्हॅसलीन त्यानंतर, वरून. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत मात्र जाता कामा नये.

घरातही जोडच आधी, पण वीज काढून. इस्त्रीची वायर बहुतेकदा मुठीजवळच, आतून तुटते. प्लग काढून, मीटर कंटिन्युटीवर (तार अखंड आहे का ते दाखवणाऱ्या खुणेवर) ठेवून ती वाकवत गेलं की सापडते. प्लग तापतो तो सैल स्क्रूमुळे : अर्धा ओहम आणि 10 अँपिअर म्हणजे त्या एका ठिकाणी 50 वॉट उष्णता. पंखा मंदावला तर मोटर जळाली असं समजण्याआधी, मेन बंद करून आणि कंडेन्सर (पंख्यातला वीज साठवणारा छोटा भाग) डिस्चार्ज करून, म्हणजे त्यात साठलेली वीज काढून, तो मोजावा. 2.5 मायक्रोफॅरडचा 1.7 वर आला असेल तर तोच बदलायचा.

उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार घालणाऱ्याला तुम्ही हात धरून थांबवत आलात. मग फ्यूजऐवजी भिंतीतली वायर वितळते, हे पटेपर्यंत सांगत राहिलात. काका, त्यासाठी तर विशेष आभार.

आपले,
तुमच्या हाताखाली शिकलेले