फॉर्म भरलाय, काळजी नको

ति. आई-बाबांस, सा. न.

परवा बाबांनी फोनवर विचारलं, "डिग्री हातात नाही आणि एमएस्सीचा फॉर्म भरतेस, घेतील का तुला?" तेवढ्यात रेंज गेली. म्हणून लिहूनच कळवते. तसंही आपलं निम्मं बोलणं 'हॅलो, ऐकू येतंय का'मध्येच जातं.

घेतात, बाबा. आयआयटीत फिजिक्सच्या एमएस्सीसाठी जॅम नावाची परीक्षा असते, ती फेब्रुवारीत होते. शेवटच्या वर्षाला असलेल्यांना ती देता येते आणि वयाची अट नाही. नंबर लागला तर आधी तात्पुरता प्रवेश देतात, मग ठरलेल्या मुदतीत पदवीची गुणपत्रिका दाखवायची. लपवाछपवी कसलीच नाही. 'पदवी शिकत आहे' असंच भरलंय. इंजिनिअरिंग अर्धवट सोडल्याचं तुमच्या मनात अजून सलतं हे मला माहीत आहे, पण इथे बघतात ती इग्नूची, म्हणजे मुक्त विद्यापीठाची, बीएस्सी.

खरी धास्ती वेगळीच आहे. इग्नूच्या परीक्षा डिसेंबर आणि जूनमध्ये होतात आणि माझे शेवटचे दोन पेपर जूनमध्ये आहेत. निकाल रेंगाळला आणि तिकडची मुदत संपली, तर मिळालेली जागा जाईल. जॅमचे मार्क त्याच वर्षापुरते, म्हणजे पुन्हा परीक्षा द्यावी लागेल. म्हणून नोकरी प्रवेश पक्का होईपर्यंत सोडत नाही. आई, हे तुझ्यासाठी लिहिलंय.

काकांना सांगा, गणितज्ञ रामानुजनचं उदाहरण नको. एफएला (तेव्हाच्या कॉलेजातल्या परीक्षेला) नापास झालेल्या त्या माणसाला १९१३ साली मद्रास विद्यापीठाने महिना ७५ रुपये देऊन संशोधन करू दिलं, हे खरं. स्टीफन वोल्फ्रम हा भौतिकशास्त्रज्ञही ऑक्सफर्ड अर्धवट सोडून अमेरिकेत कॅलटेकला गेला आणि १९७९ मध्ये, विसाव्या वर्षी, पीएचडी झाला. पण दोघांनीही आधी काम करून दाखवलं होतं, म्हणून त्यांच्यासाठी नियम बाजूला ठेवले गेले. माझ्यासाठी कोण ठेवणार? आणि तशी गरजही नाही, मी नियमात बसते.

प्रॅक्टिकलला मात्र मजा येते. मागच्या खेपेला न्यूटनच्या कड्या होत्या. सपाट काचेवर जेमतेम फुगीर भिंग ठेवायचं, वरून सोडियमच्या दिव्याचा पिवळा उजेड पाडायचा आणि मायक्रोस्कोपातून बघायचं. मधे काळा ठिपका आणि त्याभोवती काळ्या-पिवळ्या कड्या, बाहेर जावं तशा दाट होत जाणाऱ्या. मायक्रोस्कोपचा स्क्रू एकाच दिशेने फिरवायचा, चुकून उलटा फिरवला की आट्यांमधल्या ढिलाईमुळे रीडिंग बिघडतं. शेजारची एकोणीस वर्षांची पोरगी दर दोन मिनिटांनी मोबाइल बघायची आणि कडी मोजायची विसरायची. शेवटी मीच तिच्या कड्या मोजल्या. कड्यांच्या व्यासावरून त्या पिवळ्या उजेडाची तरंगलांबी काढायची असते. माझी ५९१ नॅनोमीटर आली, पुस्तकात ५८९.३ आहे. बाबा, तुम्ही घड्याळं दुरुस्त करायचात ना, तुम्हाला आवडलं असतं.

पैशाचं म्हणाल तर जॅमची फी बायकांना निम्मी आहे. पुढे पीएचडीला गेले तर आपल्याला पैसे घालायचे नसतात, उलट तेच देतात. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली की महिना ३७ हजार मिळतात. तेव्हा एफडी मोडायचा विषय पुन्हा काढू नका.

आता काम. नॉन-क्रिमीलेअरचा दाखला लागेल, जुना चालत नाही. गंमत बघा, बत्तीस वर्षांची झाले तरी त्यात उत्पन्न तुमचंच बघतात. सेतूतल्या मुलाला आधीच सांगा की केंद्राचा नमुना हवा, राज्याचा नको, नाहीतर तो सवयीने राज्याचाच काढून देईल. माझा जातीचा दाखला कपाटात एलआयसीच्या फाइलमध्ये आहे. आई, गुडघ्याचं दुखणं असताना बाबांना रांगेत उभं करू नकोस, दादाला पाठव. दाखला मिळाला की फोटो व्हॉट्सअॅपवर टाका, मूळ कागद मी दिवाळीला येईन तेव्हा घेईन. आणि लॅमिनेशन करू नका, बाबा!

तुमची,
धाकटी