निकोडेमस राहून गेलं

संपादक महोदय,
रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या मिडवेस्टची (मध्य-पश्चिम भागातली) गावं कशी वसली यावरचा लेख वाचला, माहिती चांगली आहे पण सगळा भर जर्मन आणि नॉर्वेजियन शेतकऱ्यांवरच दिलाय हे खटकलं. कॅन्सस राज्यातलं निकोडेमस हे गाव १८७७ मध्ये केंटकीहून आलेल्या, गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी वसवलं, माळावर लाकूडच मिळेना म्हणून जमिनीत खोदून घरं केली आणि पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांनी अन्न दिलं म्हणून तगले, म्हणजे तो मुलूख काही निर्मनुष्य नव्हता. १८८८ मध्ये रेल्वे गावाला वगळून गेली, व्यापारी रेल्वेच्या बाजूला हलले, तरी काही घरं राहिलीच. १९९६ पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. लेखाच्या पुढच्या भागात या लोकांबद्दल नक्की लिहा.
– एक वाचक, सातारा