सराईत चोर आणि कोरे राहणारे दोषारोपपत्र

महोदय,

घरफोडी झाली की ‘सराईतांना कडक शिक्षा द्या’ ही मागणी होते. कायद्यात ती सोय आहेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) नुसार चोरीत दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान १ ते कमाल ५ वर्षे सक्तमजुरी आहे. कलम १३ तर १० वर्षांपर्यंत, प्रसंगी जन्मठेपेपर्यंत जाते. मात्र दोन्हींसाठी आधीची दोषसिद्धी लागते. नुसते दाखल गुन्हे, मग ते वीस का असेनात, चालत नाहीत.

घोडे पेंड खाते ते इथे. वाढीव शिक्षेसाठी मागील दोषसिद्धीची तारीख आणि ठिकाण दोषारोपात नमूद व्हावे लागते. राहून गेले तर शिक्षा सुनावण्यापूर्वी जोडता येते, पण सांगायला तर हवे! पुरावा म्हणून जुन्या निकालाची प्रमाणित प्रत किंवा तुरुंग अधिकाऱ्याचा दाखला, आणि तो आरोपी हाच हे सिद्ध करणारी ओळख. नाव एकीकडे ‘राजू’, दुसरीकडे ‘राजेंद्र’ असले की बचाव पक्षाला आयतेच मिळते. बोटांचे ठसे जुळवलेले असतील तर हा वाद उरत नाही.

शिक्षेची वर्षे वाढवण्याआधी सरकारी वकिलांनी हे कागद अटकेनंतर लगेच मागवावेत.

— एक वाचक