नळी आहे, डिपस्टिक नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुनी महागडी गाडी घेणं म्हणजे दारात पांढरा हत्ती बांधणं, अशा अर्थाचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. लेखकाने दिलेले खर्चाचे आकडे खरे आहेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. निष्कर्ष मात्र पटला नाही. वीस वर्षांची जर्मन गाडी खिसा रिकामा करते, पण त्यात तिच्या वयाचा वाटा थोडा. तिच्यात नेमकं काय बिघडलंय हे मालकाला आणि नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला कळायची सोयच ठेवलेली नाही, खरा खर्च त्याचा आहे.

मी तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीतून इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून निवृत्त झालो. नेरूळला आमच्या सोसायटीच्या स्टिल्टमध्ये माझी २००५ची मर्सिडीज ई २२० सीडीआय उभी असते. जाणकार तिला डब्ल्यू २११ म्हणतात. मी तिचा तिसरा मालक. घेतली तेव्हा ती नव्या छोट्या हॅचबॅकपेक्षा स्वस्त पडली. सौ.ने तेव्हा एकच विचारलं होतं, “हिचं काही बिघडलं तर काय बिघडलंय ते तुम्हाला कळणार आहे का?” या पत्राचा विषय तोच आहे.

आधी बॅटरीचं सांगतो. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की डॅशबोर्डवर संदेश यायचा, सोयीची उपकरणं सध्या बंद आहेत म्हणून. या मॉडेलमध्ये त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की बॅटरीचा व्होल्टेज खाली आलाय. इंजिन सुरू होण्यापुरता करंट शिल्लक राहावा म्हणून गाडी स्वतःच लोडशेडिंग करते. एका नावाजलेल्या वर्कशॉपने बॅटरी बदलली. महिन्याभरात पुन्हा तेच. मग त्यांनी डिकीतल्या फ्यूजबॉक्सचं अख्खं मॉड्यूल बदलायचं एस्टिमेट हातात दिलं, लाखाच्या घरातलं. करंट मोजलात का, असं विचारलं तर उत्तर आलं, “साहेब, स्कॅनर लो व्होल्टेज दाखवतोय.” स्कॅनर म्हणजे गाडीला जोडून बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र. लो व्होल्टेज तर मलाही दिसत होतं.

आमच्या प्लांटमध्ये शिरस्ता होता, आधी मोजा, मग खोला. एका रविवारी डिकी उघडी ठेवून तिचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत लोटलं, म्हणजे गाडीला डिकी लागली असं वाटतं. किल्लीने लॉक केलं, बॅटरीच्या वायरवर डीसी क्लॅम्प मीटर (वायर न तोडता करंट मोजणारा चिमटा) लावला आणि खुर्ची टाकून बसलो. इथे घाई चालत नाही. लॉक केल्यावर गाडीतली सगळी कंट्रोल युनिट्स, म्हणजे एकेका यंत्रणेचे छोटे संगणक, एकेक करून झोपी जायला वेळ घेतात, अर्धा तास तरी द्यावा लागतो. त्यानंतर करंट ५० मिलिअँपिअरच्या आत यायला हवा. माझ्याकडे तो दीडशेच्या आसपास येऊन थांबला.

अशा वेळी बहुतेक जण एकेक फ्यूज उपटून बघतात. तसं करू नये. फ्यूज काढून परत बसवला की झोपलेलं युनिट जागं होतं आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो. फ्यूजच्या पाठीवर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. मल्टीमीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्या ठिपक्यांना दोन टोकं टेकवायची. करंट जात नसेल तर शून्य दिसतो. जात असेल तर अर्धा मिलिव्होल्ट का होईना, दिसतोच. आमच्याकडे एकाच फ्यूजवर आकडा हलला. त्याच्या वायरीचा माग काढत गेलो, तर मागच्या सीटखाली काळी टेप गुंडाळलेला एक जोड निघाला आणि जोडाच्या टोकाला आधीच्या कुठल्यातरी मालकाने बसवलेला ट्रॅकर. सिम कधीच बंद पडलेलं. बिचारा रात्रंदिवस नेटवर्क शोधत बसला होता. तो काढला, वायरीचं टोक झाकलं, संदेश पुन्हा आला नाही. वर्कशॉपने ‘गेलेली’ म्हणून काढून घेतलेली बॅटरी आता कुणाच्या इन्व्हर्टरला लागली असेल देव जाणे.

हे जमलं, कारण यात कंपनीच्या स्कॅनरची गरज नव्हती. गिअरबॉक्सचं तसं नाही.

या गाडीचं बॉनेट उघडलं की ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाची नळी दिसते. तिच्या तोंडावर खटकावालं टोपण असतं. खटका तोडून टोपण काढलं, तर आत डिपस्टिक नाही! पातळी मोजायची पट्टी हे वर्कशॉपचं वेगळं हत्यार. गाडीबरोबर ती येत नाही. हे तेल आयुष्यभर बदलायला नको, असं सुरुवातीला सांगितलं जायचं. पुढे कंपनीच्याच वेळापत्रकात ते बदलणं आलं. तशी पट्टी बाहेर बाजारात मिळते, मी घेतली. तेल ८० अंशांवर तापवून पातळी बघायची, कारण थंड आणि गरम तेलाच्या पातळीत बराच फरक पडतो. हे ज्याला माहीत नाही तो थंड तेलावर मोजतो आणि गिअरबॉक्सात लिटरभर जास्त ओततो.

याच गिअरबॉक्सच्या बाजूला तेरा पिनांचा कनेक्टर आहे. तो प्लास्टिकच्या बुशात बसतो आणि बुशाला रबरी ओ-रिंगा असतात. वय झालं की रबर कडक होतं आणि तेल झिरपायला लागतं. ते नुसतं खाली ठिबकलं असतं तर जमिनीवरचा डाग बघून कुणालाही कळलं असतं. हे तेल मात्र वायरीच्या आवरणाच्या आतून, केशाकर्षणाने, वर चढत चढत कंट्रोल युनिटच्या प्लगमध्ये पोहोचतं. मग एक दिवस महापे ओलांडून शिळफाट्याकडे निघालेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकते आणि कितीही रेस केली तरी वरचा गिअर टाकत नाही. ही गिअरबॉक्सने स्वतःला सांभाळायची युक्ती आहे. पण हे माहीत नसलेला गॅरेजवाला मान हलवून सांगतो, “गिअरबॉक्स गेला, उतरवावा लागेल.” बुश काही शे रुपयांत येतो. तो बदलला, प्लग काँटॅक्ट क्लीनरने धुतला, तेल आणि फिल्टर नवे घातले, गाडी चालायला लागली. तरीही युनिटमध्ये साठलेला कोड वाचायचा आणि उडवायचा असेल तर हजार-दोन हजारांचा साधा ओबीडी स्कॅनर उपयोगाचा नाही. तो इंजिनापाशीच थांबतो. गिअरबॉक्स, ब्रेक, एअरबॅग यांच्या युनिटशी बोलायला कंपनीची वेगळी प्रणाली लागते.

ब्रेकचं तर याहून अवघड. २००६च्या फेरबदलाआधीच्या डब्ल्यू २११मध्ये एसबीसी नावाचे इलेक्ट्रॉनिक ब्रेक आहेत. पेडल दाबलं की सेन्सर तसं कंट्रोल युनिटला कळवतो आणि पंपाने आधीच साठवून ठेवलेला दाब कॅलिपरकडे, म्हणजे चाकाच्या डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या पकडीकडे, सुटतो. २००४ आणि २००५मध्ये याच यंत्रणेसाठी जगभरातल्या लाखो गाड्या तपासणीला परत बोलावल्या होत्या. शिवाय पेडल किती वेळा दाबलं याची नोंद युनिट ठेवतं आणि ठरावीक आकडा ओलांडला की वर्कशॉप गाठायचा इशारा देतं. पण घरी काम करणाऱ्याने लक्षात ठेवायची गोष्ट वेगळी आहे. गाडीचं लॉक किंवा दार उघडलं तरी हा पंप स्वतःला तपासायला सुरू होऊ शकतो. तुम्ही चाक काढून, पॅड काढून कॅलिपरमध्ये हात घातलाय आणि नातवाने येऊन दार उघडलं, तर पिस्टन जोरात पुढे येतो. बोट चिरडेल. म्हणून पॅड बदलण्याआधी यंत्रणा स्कॅनरने निष्क्रिय करावी लागते.

या कामात मी हात घालत नाही, पॅड बदलायला वर्कशॉपमध्ये जातो. ब्रेक हा रविवारचा विरंगुळा नव्हे. कंपन्याही सुरक्षिततेचंच कारण पुढे करतात, की अनाड्यांच्या हातात ही माहिती नको. पण वीस वर्षांच्या गाड्या जातात कुठे? तुर्भे, सानपाडा, कळवा इथल्या रस्त्याकडेच्या गॅरेजांमध्येच जातात. तिथे पाना धरणाऱ्या पोराला हे कुणी सांगितलेलंच नसतं आणि बोट त्याचं जातं.

आपल्याकडे यावर काहीच झालं नाही असंही नाही. ऑगस्ट २०१४मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. कारण काय, तर सुटे भाग आणि बिघाड शोधायची उपकरणं स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू दिली जात नव्हती. ती मिळू द्या, असा आदेशही आयोगाने दिला. प्रकरण पुढे अपिलात गेलं. २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’साठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात आहेत. चांगली गोष्ट आहे. मात्र माझ्या गिअरबॉक्सचा वायरिंग डायग्राम अधिकृतपणे कुठे विकत मिळेल, हे ते पोर्टल बघूनही मला कळलेलं नाही. युरोपात २००७च्या नियमानुसार स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना तांत्रिक माहिती देणं कंपन्यांना बंधनकारक झालं. फुकट नव्हे, पैसे घेऊन. मीही फुकट मागत नाही.

आता धुराचं. मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, याचा अभ्यास करायला उच्च न्यायालयाच्या सूचनेवरून जानेवारी २०२५मध्ये समिती नेमली गेली. हवा वाईट आहे, हे खाडीकाठी राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पण जुनं डिझेल इंजिन काळा धूर कशाने टाकतं? पुष्कळदा टर्बोपासून (इंजिनात दाबाने हवा ढकलणारा पंखा) इंजिनापर्यंत हवा नेणाऱ्या रबरी होजला चीर पडलेली असते. हवा बाहेर निसटते, डिझेल मात्र तेवढंच जातं आणि अर्धवट जळतं. माझ्याकडे ही चीर होजच्या खालच्या बाजूला होती, वरून दिसतच नव्हती, हाताला तेलकट लागली म्हणून सापडली. होज बदलल्यावर पीयूसीच्या मीटरवरचा आकडा इतका उतरला की केंद्रावरच्या मुलाने नळी नीट घातलीय ना ते वाकून पाहिलं.

घरच्या देखभालीत फार मोठं काही नसतं. पावसाआधी वायपरखालच्या चरातली घाण काढायची. आमच्या रस्त्यावर सोनमोहोर आहेत, त्यांच्या पिवळ्या पाकळ्यांचा तिथे लगदा होतो, निचऱ्याची भोकं बुजतात आणि पाणी वायरिंगकडे वळतं. दमट हवेने कनेक्टरवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो, तो साफ करायचा. इंजिन ऑईल योग्य ग्रेडचंच घालायचं. काढलेलं ऑईल कुठे द्यायचं, हा मात्र खरोखरच प्रश्न आहे. ते घातक कचऱ्यात मोडतं, पण एका माणसाचा सहा-सात लिटरचा कॅन घेणारी सोय मला जवळपास सापडली नाही. ओळखीच्या गॅरेजच्या पिंपात ओतून येतो. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, “काका, पार्किंगमध्ये गॅरेज नको.” त्यांचंही बरोबर आहे. मी खाली ट्रे आणि पुठ्ठा घालतो, एक थेंब सांडू देत नाही, तरी बॉनेट उघडं दिसलं की चार माणसं जमतात आणि एकाला तरी त्याच्या गाडीचा आवाज ऐकवायचा असतोच.

माझं मागणं तीन गोष्टींचं आहे. कंपनीने एखाद्या मॉडेलचं उत्पादन थांबवून दहा वर्षं झाली की त्याचे वायरिंग डायग्राम आणि दुरुस्तीची पुस्तिका कुणालाही माफक फी भरून मिळावी. गिअरबॉक्स आणि ब्रेकच्या युनिटचे कोड वाचायची सोय स्वतंत्र गॅरेजला दिवसाच्या भाड्याने का होईना, मिळावी. आणि बोट जाईल, जीव जाईल अशा जागांची यादी मराठीत छापून प्रत्येक आरटीओत लावावी. बाकी नाही झालं तरी एवढं शेवटचं उद्यासुद्धा करता येईल.

ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ५,००० वरून १०,००० रुपये झाली. त्यानंतर लगेच माझ्या गाडीचा नंबर लागला. मी फी भरली, पर्यावरण कर भरला, वाशीच्या आरटीओत गाडी दाखवली. तिथे चेसिस नंबर बघितला, दिवे लावून बघितले, हॉर्न वाजवून बघितला. ब्रेक एसबीसीचे आहेत का, हे कुणी विचारलं नाही. फीच्या पावतीवर गाडीचं वय बरोबर आहे. त्या वयाच्या गाडीची माहिती कुठल्या खिडकीवर आणि किती रुपयांत मिळते, तेवढं परिवहन विभागाने आपल्या वृत्तपत्रातून कळवावं.

आपला,
एक निवृत्त इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, नेरूळ, नवी मुंबई
(नाव व पत्ता संपादकांकडे)