जाळलेला माणूस उठत नाही, हे तुम्हाला कोणी सांगितले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या (२ नोव्हेंबर) अंकात मृतात्म्यांच्या दिनानिमित्त आपण ख्रिस्ती मरणोत्तर जीवनावर लेख छापलात, आभारी आहे. एरवी आमची आठवण आपल्याला डिसेंबरात केकच्या पाककृतीपुरती येते. लेख वाचल्यावर मात्र वाटले, केकच बरा होता.

सगळ्या चुकांचा पाढा वाचत बसत नाही. माणूस मेला की देवदूत होतो, असे आमचे कॅथलिक चर्च शिकवत नाही; देवदूत वेगळे, माणसे वेगळी. शुद्धिस्थानाला लेखकमहाशयांनी ‘सौम्य नरक’ म्हटले आहे. शुद्धिस्थानात असलेल्याचा स्वर्ग ठरलेला असतो, फक्त आत जाण्याआधी त्याची शुद्धी व्हायची असते. नरकातून कोणी कुठे जात नाही. बरे, हे सगळे ‘ख्रिस्ती मान्यता’ म्हणून सरसकट ठोकून दिले आहे. नगरच्या एखाद्या प्रॉटेस्टंट घरी जाऊन शुद्धिस्थानाची चौकशी करून बघा म्हणावे. चहा मिळेल, पण शुद्धिस्थान नाही मिळणार. १५१७ साली मार्टिन ल्यूथरने वाद उकरून काढला तोच मुळी शिक्षेतून सुटकेच्या नावाखाली पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या माफीपत्रांवरून. तेव्हापासून या विषयावर आमचे आपसांतच जमत नाही, आणि आपण आम्हाला एका ओळीत बसवून मोकळे!

तेही चालवून घेतले असते. शेवटच्या रकान्यातले एक वाक्य मात्र चालवून घेणार नाही. प्रेत जाळले तर पुनरुत्थान (म्हणजे शेवटच्या दिवशी मेलेल्याचे देहासह पुन्हा उठणे) होत नाही, म्हणून ख्रिस्ती समाजात दहन निषिद्ध आहे, असे आपल्या लेखकाने लिहिले आहे. ‘असे म्हणतात’ नाही, ‘काहींचे मत’ नाही. थेट निकाल.

माझा धाकटा भाऊ एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेला. ते दिवस कसे होते ते आपल्या वाचकांना सांगायला नको. रुग्णालयातून त्याला परस्पर स्मशानात नेले. आमच्या हातात आले ते तांबड्या फडक्याने तोंड बांधलेले एक मडके. आमच्या घरात तोवर कोणाला अग्नी दिलेला नव्हता, त्यामुळे मडके घरात आणायचे की ओट्यावरच ठेवायचे, इथपासून प्रश्न. एका नातेवाइकाने सुचवले, जवळच समुद्र आहे, सोडून द्या. फादरांनी फोनवर ठाम नाही म्हणून सांगितले. रक्षा उधळायची नाही, वाटून घ्यायची नाही, घरात कपाटावरही ठेवायची नाही. ती दफनभूमीतच, प्रार्थना करून ठेवायची. रोमने, म्हणजे पोपच्या कचेरीने, २०१६ मध्ये तसे स्पष्ट लिहून दिलेले आहे. त्याप्रमाणे आम्ही बाबांच्याच कबरीत ती पुरली.

आई तेव्हा तिथे नव्हती, तिलाही कोविड झाला होता. बरी झाल्यावर तिने पहिले विचारले ते हेच: “त्याला जाळला, आता तो उठणार कसा?” पुढे कित्येक महिने रोजरी (आमची जपमाळेची प्रार्थना) म्हणताना मध्येच थांबायची आणि तेच विचारायची. शेवटी फादर घरी आले, तिच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, “आई, मातीतून माणूस घडवणाऱ्याला राख जड जाईल का?” त्या दिवसापासून विषय मिटला होता.

ती आपला पेपर पहिल्या पानापासून निविदा-सूचनांपर्यंत वाचते, भिंग घेऊन. काल संध्याकाळी आम्ही दफनभूमीत गेलो. मी काथ्याने कबरीचा संगमरवर घासत होतो, नात झेंडूच्या माळा सोडवत होती, वाऱ्याने मेणबत्त्या विझू नयेत म्हणून आम्ही पाण्याच्या बाटल्यांचे तळ कापून नेले होते ते लावत होतो. फादर पवित्र पाणी शिंपडत दोन रांगा पलीकडे आले होते. तेवढ्यात आई म्हणाली, “पेपरात आलंय, जाळलेला उठत नाही म्हणून.” छापून आलेले तिला खरे वाटते. आपल्या पेपरची ही पुण्याई आहे, ती अशी खर्च करू नये.

आता लेखकमहाशयांसाठी थोडे. मला वाटते ते रविवारी वास्तुशास्त्रावरही लिहितात, तेव्हा फार ताण देत नाही. त्यांचा हा तर्क नवा नाही. इ. स. १७७ मध्ये फ्रान्समधल्या लियोंमध्ये ख्रिस्ती लोकांना हाल करून मारले, त्यांची प्रेते जाळली आणि राख रोन नदीत लोटून दिली. कारण? आता बघू हे कसे उठतात! म्हणजे राखेतून उठता येत नाही ही समजूत मारणाऱ्यांची होती. ती आपण आमच्या नावावर छापली.

मग चर्चने दहनाला बंदी का केली होती, असे ते विचारतील. केली होती, १८८६ मध्ये. युरोपात काही धर्मविरोधी मंडळी पुनरुत्थानाची थट्टा म्हणून दहनाचा मुद्दाम प्रचार करत होती, त्याला ते उत्तर होते. १९६३ मध्ये रोमने ती बंदी सैल केली. आजही दफनच करावे असे चर्च आग्रहाने सांगते. ख्रिस्ताला कबरीत ठेवले होते आणि देह टाकाऊ नाही म्हणून. पण दहन केले म्हणून कोणाचा प्रार्थनाविधी अडत नाही. पुनरुत्थान नाकारण्यासाठी कोणी मुद्दाम दहन निवडले तरच अडते. ही माहिती वसईतल्या कुठल्याही फादरांनी दोन मिनिटांत दिली असती. फोन करायला हवा होता, एवढेच.

खरी गफलत त्याहून खोल आहे. लेखभर आत्मा देह सोडून जातो, देह म्हणजे जुने वस्त्र, असाच सूर आहे. ते गीतेत शोभते, मला गीतेचा आदरच आहे. पण आम्ही दर रविवारी मिस्सात (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) उभे राहून जो विश्वास कबूल करतो, त्यात मृतांच्या पुनरुत्थानाची वाट पाहतो असे म्हणतो. आत्मा उडून गेला आणि काम झाले, असे त्यात नाही. संत पौल बायबलमधल्या करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात बी पेरण्याचा दाखला देतो: पेरले जाते ते नाशवंत, उठवले जाते ते अविनाशी. दाण्याचे पुढे मातीत काय झाले याचा हिशेब तो मागत नाही. जो माणूस होता तोच, पुरता, उठवला जाईल, ही आमची आशा आहे. माझा भाऊ किंचित लंगडत चालायचा. तो मला कसला तेजोगोल म्हणून भेटायला नको आहे, भाऊ म्हणून भेटायला हवा आहे.

आणि ‘अनंतकाळ स्वर्गात बसून कंटाळा येणार नाही का’ हा लेखाच्या शेवटचा विनोद! त्यावर लेखकाला आपण कोणालातरी चिमटा काढला असे वाटले असावे. हाच प्रश्न पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या परिपत्रकात स्वतःच विचारला आहे, यांच्यापेक्षा जास्त धीटपणे: आपल्याला असे कायम जगायला खरोखर हवे आहे का? आणि उत्तर दिले आहे की सार्वकालिक जीवन म्हणजे कॅलेंडरच्या न संपणाऱ्या तारखा नव्हेत. पटो न पटो, निदान वाचून मग हसावे.

लेखाशेजारी दात विचकलेल्या भोपळ्याचे चित्र कोणी निवडले, तेही कळवावे. ३१ ऑक्टोबरची अमेरिकन गंमत २ नोव्हेंबरला आमच्या कबरींवर कशाला? वसईच्या एकाही दफनभूमीत असा भोपळा दाखवलात तर आपले दिवाळी अंक मी जन्मभर विकत घेईन, आणि तेही सवलतीशिवाय.

दुरुस्ती छापावी, आणि ती भिंगाने वाचता येईल एवढ्या टायपात छापावी, ही विनंती.

लिहायला बसलोच आहे तर आणखी एक. दर वर्षी आपल्या पहिल्या पानावर कुठल्यातरी नगरसेवकाची जाहिरात असते, ‘गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा’, हसऱ्या फोटोसह. गुड फ्रायडे हा प्रभूच्या मरणाचा दिवस आहे. त्या दिवशी आम्ही उपवास करतो आणि चर्चमध्ये घंटाही वाजत नाही. जाहिरातीचे पैसे घ्या, त्याला हरकत नाही, पण मजकूर कोणीतरी आधी वाचत जा. शुभेच्छाच द्यायच्या असतील तर नगरसेवकांना सांगा, दोन दिवस थांबा, रविवारी ईस्टर आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, वसई

(नाव कार्यालयाकडे दिले आहे. छापू नये, आईला कळेल.)